स्क्रॅबल: मराठी माध्यमाच्या मुलांसाठी घ्यावा का?

मिरजेत मी घरीच आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. बहुतेक मुलं मराठी माध्यमाची. व्याकरणाचे नियम तोंडपाठ असतात, पण शब्द विचारले की मान खाली जाते. त्यांच्यासाठी स्क्रॅबलचा डबा आणला. अक्षरं लिहिलेल्या छोट्या चौकोनी टाइल्स पटावर मांडून इंग्रजी शब्द जुळवायचे आणि गुण मिळवायचे, असा हा खेळ. आता शनिवारचा शेवटचा तास त्याचाच असतो. मुलं त्या तासाला वेळेआधी येतात. खेळ घ्यावाच असं माझं मत आहे, पण एक अट घालून.

डब्यात घडीचा पट, पटावर 15 गुणिले 15 म्हणजे 225 घरं, टाइल्स मांडायच्या पट्ट्या, कापडी पिशवी आणि 100 टाइल्स. त्यांपैकी 2 कोऱ्या, त्या कुठल्याही अक्षराच्या जागी चालतात. उरलेल्या 98 अक्षरांची वाटणी मला फार आवडते. आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदाचं काम 1930 च्या दशकातल्या मंदीत सुटलं, तेव्हा त्यानं हा खेळ रचला. कुठलं अक्षर किती वेळा येतं हे त्यानं वर्तमानपत्रांची पानं घेऊन मोजलं. म्हणून ई 12 आहेत, ए आणि आय 9-9, आणि क्यू, झेड, जे, एक्स, के प्रत्येकी एकच. जे अक्षर दुर्मीळ, त्याला गुण जास्त. एस मात्र मुद्दाम 4 च ठेवले, नाहीतर प्रत्येक शब्दाला एस लावून अनेकवचन करत सगळे गुण लुटत बसले असते. पहिल्या दिवशी मी मुलांना नियम सांगायच्या आधी ही गोष्ट सांगते. इंग्रजीत कुठलं अक्षर किती राबतं हे त्यांना तिथेच कळतं.

आता अट. अधिकृत नियमात शब्द खेळाच्या मान्य शब्दांच्या यादीत असला की झालं, अर्थ कुणी विचारत नाही. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सनं 2015 साली फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद जिंकलं, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. शब्दांची यादी त्यानं पाठ केली होती. त्या स्मरणशक्तीला नमस्कार. पण माझ्या घरी तो नियम चालत नाही. शब्द मांडणाऱ्यानं अर्थ सांगायचा, नाही सांगता आला तर शब्दकोशात शोधून मोठ्यानं वाचायचा, मगच गुण. यानं डाव लांबतो, चिडचिडही होते, तरी मी हटत नाही. अर्थाशिवाय शब्द मुलांच्या कामाचे नाहीत.

खरी मजा त्याच अक्षरांतून वेगळे शब्द निघतात तेव्हा येते. एकदा एका मुलीच्या पट्टीवर एस, टी, ए, आय, आर होते आणि ती 'स्टेअर' मांडणार, म्हणजे जिन्याची पायरी. शेजारचा मुलगा सतारमेकर गल्लीतला. तो ओरडला, "बाई, यात सितार आहे!" होतीच. सितार इंग्रजी यादीत आहे. आमच्या गावची वाद्यं जगभर जातात, तेव्हा त्या पोराचा चेहरा बघायला हवा होता. मग शब्दकोश उघडून सगळे त्या 5 अक्षरांच्या मागे लागले. 'अस्टर' निघाला, म्हणजे अंथरुणातून उठून हालचालीला लागलेला. 'स्ट्रिया' निघाला, बारीक रेघ किंवा खाच. 'टार्साय' म्हणजे घोट्याजवळची हाडं. या 5 अक्षरांचे गुण मिळून फक्त 5 होतात, प्रत्येकी एकच. त्या दिवशी गुणांची कुणाला पडली नव्हती.

क्यू हे अक्षर मात्र मुलांना नकोसं वाटतं. शाळेत शिकवलेलं असतं की क्यूनंतर यू येतोच. यू पिशवीत 4 च, आणि डाव संपताना क्यू हातात राहिला तर 10 गुण कापले जातात. म्हणून यू नसलेले क्यूचे शब्द मी आधीच शिकवते. 'ची' हा दोनच अक्षरांचा, क्यू आणि आय, चिनी विचारातली जीवनशक्ती, 11 गुण. बाकीचे बरेच अरबी-फारसीतून इंग्रजीत गेले आहेत, आणि ते आपल्या मुलांना आधीच ठाऊक असतात: फकीर 17 गुण, तलाक 14. कव्वाली तर सात अक्षरांची. पहिल्याच खेळीला पट्टीवरच्या साती टाइल्स वापरून, कोरी टाइल न घेता, ती लागली तर 50 चा बोनस धरून कमीत कमी 94 गुण. अजून कुणाला लागलेली नाही, पण प्रत्येकाला ती लावायची आहे.

क्यूच्याच 'कनात' या शब्दावरून एकदा चांगला वाद झाला. एका मुलीच्या वडिलांचा मांडवाचा धंदा आहे. ती ठामपणे म्हणाली, कनात म्हणजे मांडवाच्या बाजूला लावतात ते कापड. मराठीत तेच. पण इंग्रजी शब्दकोशातला कनात निघाला जमिनीखालचा पाण्याचा कालवा, इराणातला. मग विजापूरच्या आदिलशाहीतल्या करेझचा, म्हणजे अशाच भुयारी कालव्यांचा विषय निघाला, मलिक अंबरनं औरंगाबादला केलेल्या नहरीचा निघाला, आणि तास इतिहासाचा झाला. मला चालतं.

व्ही हे अक्षर फारच हट्टी. दोन अक्षरांच्या शब्दांत तो कुठेच बसत नाही. तो हातात आला की लवकर सोडवायचा, एवढं मुलांना सांगून ठेवा. झेडचं उलट. 'झो' म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातलं जनावर, आणि अशी दोन अक्षरं अडचणीत फार उपयोगी पडतात.

खरेदी करणाऱ्यांसाठी: डब्यात शब्दकोश येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. नुसती शब्दांची यादी असलेलं पुस्तक घेऊ नका, अर्थ दिलेला शब्दकोश घ्या. शब्दाचं मूळ दिलेलं असेल तर उत्तमच. मुंगूस मराठीतून इंग्रजीत गेला हे आमच्याकडे असंच वाचताना कळलं. फोनवर अर्थ शोधू देत नाही मी, कारण फोन हातात आला की पट विसरला जातो. पट साधा सपाट असेल तर धक्का लागला की टाइल्स सरकतात, तेव्हा लहान मुलं असतील तर खाचा असलेला पट बघा. बाजारात बिननावाच्या नकलाही मिळतात. त्या घ्यायच्याच असतील तर दुकानातच टाइल्स मोजा. ई 12 नसतील तर डाव अडतो. एका डब्यावर चौघंच खेळू शकतात. मुलं जास्त असतील तर जोड्या करा, जोडीत अर्थावर चर्चाही होते. आणि सुरुवातीचे काही डाव गुण न लिहिता खेळा.