वर्कफ्लो टूल, नऊ महिने: बाकी ठीक, पण ते घड्याळ!

रविवारी संध्याकाळी साहेबांचा फोन. "खरेदीच्या सतरा विनंत्या माझ्याकडे एस्कलेट होऊन आल्यात, तुम्ही तिकडे झोपा काढता का?" म्हणून आज या टूलबद्दल, म्हणजे विनंत्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सहीसाठी नेणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, लिहायला बसलोय. चार महिन्यांपूर्वी लिहिलं असतं तर कौतुकच केलं असतं.

मंजुरीच्या टास्कला आम्ही ४८ तासांचा टायमर लावलाय. तेवढ्यात सही झाली नाही तर विनंती वरच्या साहेबांकडे. खान्यात भरायचं 'पीटी४८एच', म्हणजे टूलच्या भाषेत ४८ तास. हे तास भिंतीवरच्या घड्याळाचे. शुक्रवारी पाचला आलेली विनंती रविवारी पाचला वर जाते, मग ऑफिसला कुलूप का असेना. सुट्ट्यांचं कॅलेंडर मिळतं, पण ते वेगळं मॉड्यूल, पैसेही वेगळे. घड्याळ विकायचं आणि काटे वेगळे लावायचे! सपोर्टला तिकीट टाकलं. अकरा दिवसांनी उत्तर: 'अपेक्षेप्रमाणेच चालतंय.' कुणाच्या अपेक्षेप्रमाणे, असं विचारलं तर तिकीट बंद.

इथवर लिहून आयटीतल्या मुलीला दाखवलं आणि माझीच पंचाईत झाली. तिने टूलमधली कामाच्या टप्प्यांची आकृती उघडली. टास्कच्या कडेला टायमरचं दुहेरी वर्तुळ असतं. त्याची रेघ अखंड असेल तर वेळ संपताच मूळ टास्क रद्द होतो. रेघ तुटक असेल तर टास्क जागेवर राहतो, बाजूने नुसती आठवण जाते. आमची रेघ अखंड. म्हणजे सोमवारी सही करायला बसलेल्याच्या यादीतून विनंत्या गायब! २०११ च्या बीपीएमएन २.० मध्येच, म्हणजे अशा आकृत्या काढायच्या प्रमाण पद्धतीतच, हे असं ठरलेलं आहे, टूलने पदरचं काही घातलेलं नाही. ती आकृती पास झाली त्या मीटिंगला मी होतो, मान डोलावली होती. आणि गरजांच्या कागदावर 'दोन दिवसांत' एवढंच आहे, 'कामकाजाच्या' हा शब्द नाही. कागद माझाच. तेव्हा सपोर्टबद्दलचा राग अर्धा मागे घेतो. अकरा दिवसांचा ठेवतो.

आता कौतुकाचं. टूल कुठल्या टप्प्यावर विनंती किती वेळ पडून राहते ते रंगात दाखवतं. आमच्याकडे प्रत्यक्ष काम वीसेक मिनिटांचं आणि थांबणं चार दिवसांचं. सगळ्यात लाल चौकोन दुसऱ्या सहीचा. ती कशासाठी, तर 'पूर्वी कधीतरी घोळ झाला होता' म्हणून. कामाची पद्धत मुळापासून बदला म्हणणारे व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये फोर्डचं उदाहरण दिलं होतं: बिलं चुकती करायला पाचशेहून जास्त माणसं, जपानी मोटार कंपनी माझदात फक्त पाच. फोर्डने मग पुरवठादाराकडून बिल मागणंच बंद केलं, ऑर्डर आणि आलेला माल जुळला की पैसे. आम्ही मात्र कागदी फॉर्म होता तसाच, सह्यांसकट, स्क्रीनवर चढवला होता. दुसरी सही काढायला मिनिट लागलं, ती काढायला लोकांना राजी करायला सात आठवडे.

कॅलेंडर मॉड्यूल घेतलं नाही. त्या मुलीने सुट्ट्यांचा तक्ता आणि थोडा कोड लिहून भागवलं, रेघही तुटक केली. तरी हे लिहिणं रेंगाळलं तेवढ्यात पुढच्या रविवारी साहेबांचा फोन आलाच. आकृतीच्या जुन्या आवृत्तीवर सुरू झालेल्या विनंत्या मुद्दाम हलवल्याशिवाय नव्या आवृत्तीवर येत नाहीत. सहा उरल्या होत्या.