रोजची ॲलर्जीची गोळी: आठ महिन्यांनंतर मत बदलतेय

लिव्होसेटिरिझिन ५ मिलीग्रॅम, रात्री झोपताना एक. धुळीची ॲलर्जी आणि अंगावर उठणारं पित्त, दोन्हींसाठी. जूनमध्ये सुरू केली आणि महिन्याभरात ओळखीतल्या सगळ्यांना सांगत सुटले की पाचपैकी पाच. सकाळच्या शिंका थांबल्या, गांधी उठायच्या थांबल्या, महिन्याचा खर्च शंभराच्या आत. पहिले पंधरा दिवस डोकं जड राहायचं, मग तेही गेलं. बाकी गोळी कशी आहे हे बहुतेकांना माहीत आहे, ते पुन्हा लिहीत नाही. मला एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय. ही गोळी खाज घालवते, आणि माझ्या बाबतीत खाज हीच धोक्याची घंटा होती.

दोन वर्षांपूर्वी कोलंबी खाल्ल्यावर ओठ चुणचुणले आणि दहा मिनिटांत दोन्ही हातांवर मोठाल्या गांधी उठल्या. तेव्हापासून कोलंबी बंद. सासर अलिबागकडचं, त्यामुळे हे सोपं नव्हतं. गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात नणंदेकडे भातातून चुकून दोन-चार कोलंब्या पोटात गेल्या. काहीच झालं नाही. आठवड्याने मुद्दाम खाल्ल्या, तरी अंग स्वच्छ. मला वाटलं, गेली एकदाची ॲलर्जी. दिवाळीपर्यंत मी पूर्वीसारखी खायला लागले.

जानेवारीत सासरी सोड्याचं, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीचं, कालवण आणि तांदळाची भाकरी होती. त्या सकाळी गुडघ्यासाठी आयब्युप्रोफेन घेतली होती. हेही महत्त्वाचं आहे, कारण अशी वेदनाशामक गोळी किंवा जेवणानंतरची धावपळ रिॲक्शन वाढवू शकते, हे मला नंतर कळलं. जेवून वीस मिनिटं झाली असतील, पोटात पिळवटून आलं. मग उलटी, पाठोपाठ दुसरी. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं, मी सारखी खाकरत होते. सासूबाई आमसुलाचं पाणी घेऊन आल्या. आमच्याकडे पित्त उठलं की तेच अंगाला लावतात. त्यांनी खिडकीच्या उजेडात माझे दोन्ही हात कोपरापर्यंत उलटसुलट करून पाहिले, मान पाहिली, पाठ पाहिली. एक गांधी नाही. "पित्ताचं नाही हो हे, जेवण बाधलंय," त्या म्हणाल्या, आणि मलाही तेच पटलं. वाटीतलं पाणी तसंच राहिलं. मी रात्रीची गोळी दुपारीच घेऊन टाकली. आवाज घोगरा झाला होता, तो उलट्यांमुळे असेल असं वाटलं. मग जीव असा घाबरा झाला की बसवेना. उठले आणि डोळ्यांपुढे अंधार.

दवाखान्यात मला आडवं निजवून पाय वर केले, मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं. काही मिनिटांत घसा मोकळा झाला. त्रास काही तासांनी परत उलटू शकतो म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. आपण अर्धा-पाऊण तास घालवला, आणि तो फक्त अंगावर काही दिसत नाही म्हणून, हे आजही माझ्या मनातून जात नाही.

त्या रात्री मी गोळीला शून्य दिलं असतं. पुढच्या आठवड्यात ॲलर्जीतज्ज्ञांनी समजावलं तेव्हा मत पुन्हा बदललं. रिॲक्शनमध्ये शरीरातल्या पेशी हिस्टामिन सोडतात, पण एकटं हिस्टामिन नाही, बरंच काही सोडतात. गोळी फक्त हिस्टामिनची एक वाट अडवते. त्यामुळे खाज, गांधी, शिंका दबतात. श्वासनलिका आवळणं, घसा सुजणं, रक्तदाब कोसळणं हे ती थांबवू शकत नाही. त्यासाठी ॲड्रेनॅलिनच लागतं. गोळी न घेणाऱ्यांमध्येही गंभीर रिॲक्शनच्या १० ते २० टक्के वेळा त्वचेवर काहीच दिसत नाही. मग माझ्यासारखीला काय दिसणार?

मी लगेच विचारलं, महागातली गोळी घेतली तर? फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन? ते म्हणाले, झोप कमी येईल, पण खाज झाकायचं काम त्याही तसंच करतील. म्हणून जादा पैसे घालवले नाहीत.

त्वचेवर टोचून करायच्या चाचणीसाठी आठवडाभर गोळी बंद ठेवायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी इतकी खाज सुटली की मी हात टेकले. सेटिरिझिन आणि लिव्होसेटिरिझिन बरेच महिने घेऊन अचानक थांबवल्यावर क्वचित तीव्र खाज सुटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने मे २०२५ मध्ये दिला आहे. माझी खाज त्यातली की जुनं पित्त, हे सांगता येणार नाही म्हणाले. शेवटी रक्ताची आयजीई चाचणी केली, म्हणजे रक्तातली ॲलर्जीची प्रतिद्रव्यं मोजली. तिला गोळी आड येत नाही. कोलंबी आणि धुळीतले किडे, दोन्ही जोरदार निघाले. दोघांत ट्रोपोमायोसिन नावाचं मिळतंजुळतं प्रथिन असतं आणि ते शिजवूनही मरत नाही. म्हणजे जवळा, सोडे, चिंबोरी, शेवंड, सगळं बंद. सुरमई-पापलेट चालतं, माशांचं प्रथिन वेगळं. फक्त कोलंबी तळलेल्या तेलात तळलेलं नको.

माझा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. ज्या डॉक्टरांनी "रोज एक" लिहून दिली, त्यांनी खाण्याची ॲलर्जी आहे का, हे एकदाही विचारलं नाही. मेडिकलवाला पट्टी कात्रीने कापून देतो, सोबत माहितीचा कागद नसतो. आठ महिने रोज घ्यायच्या औषधाबद्दल एक वाक्य तरी कुणीतरी बोलायला हवं होतं.

आता मागे बघते तर खुणा होत्या. ऑक्टोबरमध्ये कोलंबी खाऊन दोन तास खाकरत होते, ते एसीवर ढकललं. दिवाळीत पोटात कळ आली, जुलाब झाले, ते फराळावर. दोन्ही वेळा खाज नव्हती म्हणून कोलंबीवर संशयच आला नाही. आता घरात सगळ्यांना पाठ आहे: नवीन काही खाल्ल्यावर सारखं खाकरणं, कोरडा खोकला, आवाज बदलणं, गिळताना अडणं, पोटात पिळवटणं, उलट्या, चक्कर, जीव घाबरा होणं. यातलं काही दिसलं तर हात उघडून गांधी शोधत बसायचं नाही.

ॲड्रेनॅलिनचं तयार पेन, म्हणजे डोस आधीच भरलेलं इंजेक्शन, आमच्या इथे मिळालं नाही. डॉक्टरांनी ॲम्प्यूल आणि सिरिंज लिहून दिली, माझा डोस अर्धा मिली. ह्यांच्याकडून साध्या पाण्यावर चारदा भरून घेतला आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला कुठे द्यायचं ते पेनाने खूण करून दाखवलं. देऊन झालं की लगेच दवाखाना गाठायचा, बरं वाटलं तरी.

गोळी चालू आहे. पाचपैकी चार देतेय, कारण शिंका खरंच गेल्या आहेत. सासूबाईंनी सोड्यांची बरणी नणंदेकडे पाठवून दिली, आणि त्या फळीवर आता इंजेक्शनचा डबा असतो.