मुंबई-गोवा की सिंगापूर? दोन क्रूझ करून झाल्या, आता निवांत लिहिते

डिसेंबर 2024 मध्ये आम्ही कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या बोटीने मुंबईहून गोव्याला गेलो आणि मे 2025 मध्ये सिंगापूरहून गेंटिंग ड्रीम या बोटीची क्रूझ केली. म्हणजे पहिल्या ट्रिपला वर्ष होऊन गेलं आणि दुसरीला आठ महिने. तेव्हाच लिहिणार होते, पण परत आल्या आल्या सगळंच भारी वाटत असतं म्हणून थांबले. आता आमची सोलापूरची गड्डा यात्रा पण झाली, आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या ओळखीच्या तीन-चार घरांनी विचारलंय की मे महिन्यात पोरांना घेऊन कुठली क्रूझ करू. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते, लांब होईल, पण पैसे भरायच्या आधी वाचा.

आधी आमच्या घरात कोण कोण ते सांगते कारण त्याच्यावरच सगळं आहे. सासरे म्हणजे अण्णा 74 चे, सासूबाई 69 च्या, त्यांना आम्ही आईच म्हणतो, दोन्ही गुडघे दुखतात. आम्ही दोघं. मोठा 13 चा, धाकटी 7 ची. पहिल्या ट्रिपला भाऊजी आणि जाऊबाई पण होते, जाऊबाईंना पाचवा महिना होता. ज्यांच्या घरी असं कुणी असेल त्यांनी लक्षात ठेवा, 24 आठवडे झाले की बहुतेक क्रूझवाले घेत नाहीत आणि त्याच्या आत असलं तरी डॉक्टरांचं पत्र मागतात. आम्ही त्यासाठीच डिसेंबर धरला. बाळ सहा महिन्यांचं झाल्याशिवाय बहुतेक बोटींवर चालत नाही, म्हणून सिंगापूरला ती दोघं नव्हती.

अण्णांना बोटीचं वेड जुनं. कॉलेजात असताना ते भाऊच्या धक्क्यावरून पणजीच्या बोटीने गेले होते, डेकवर सतरंजी टाकून झोपलेले, ती गोष्ट आम्ही लग्नापासून ऐकतोय. 2018 ला मुंबई-गोव्याची आंग्रिया क्रूझ सुरू झाली तेव्हा पण ते मागे लागले होते, पण कारखान्याच्या कामात ते राहून गेलं आणि नंतर ती बोटच बंद झाली. त्यामुळे या वेळी ठरवलं, आता टाळायचं नाही.

पहिली ट्रिप आम्ही एजंटकडून केली. नाव लिहीत नाही, पण चुका लिहिते म्हणजे तुमच्या टळतील. त्याने सांगितलं सगळं इन्क्लूड आहे. मग बुकिंगच्या वेळी कळलं की पोर्ट चार्ज वेगळे, जीएसटी वेगळा, ग्रॅच्युइटी म्हणजे बोटीवरच्या स्टाफची टिप वेगळी, आणि ती माणशी आणि दर रात्रीची असते, म्हणजे 7 वर्षांच्या पोरीची पण. आधी सांगितलेल्या आकड्याच्या जवळजवळ दीडपट झालं आमचं. पैशापेक्षा मला राग याचा आला की तीन केबिन त्याने तीन वेगवेगळ्या डेकवर म्हणजे मजल्यांवर घेतल्या होत्या. स्वस्तातली केबिन घेतली तर नंबर कंपनी नंतर देते, आणि ते त्याने आम्हाला सांगितलंच नव्हतं. आई-अण्णा एकीकडे, आम्ही दुसरीकडे, रात्री अकराला आईंना बाम हवा असेल तर लिफ्टने जायचं. आता मी केबिनचा नंबर आणि डेक प्लॅन बघितल्याशिवाय एक रुपया भरत नाही आणि तुम्ही पण भरू नका.

केबिनबद्दल अजून एक. खिडकी नसलेली इंटेरिअर केबिन सगळ्यात स्वस्त, आमच्यासारख्या दिवसभर बाहेर फिरणाऱ्यांना चालते. पण म्हाताऱ्या माणसांना देऊ नका. लाइट बंद केला की सकाळी दहाला पण मिट्ट काळोख, अण्णांना पहाटे साडेचारला उठायची सवय, त्यांना कळेचना किती वाजले, पहिल्या रात्री तीनदा उठून घड्याळ बघितलं म्हणे. सिंगापूरला त्यांना खिडकीची घेतली आणि आम्ही चौघं समोर एका इंटेरिअरमध्ये, तिथे भिंतीतून वरचे बेड उघडतात. तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं साधारण कमी पडतं म्हणून चौघांच्या कुटुंबाला एक केबिन परवडते, फक्त सकाळी बाथरूमची लाइन लागते.

आता बोटी. कॉर्डेलियाची एम्प्रेस 1990 सालची, आधी रॉयल कॅरिबियनकडे होती, 2021 पासून मुंबईहून चालायला लागली. 11 डेक, साधारण 48,500 टन. गेंटिंग ड्रीम 2016 ची आणि दीड लाख टनाची, म्हणजे तिप्पट. हे टन वजनाचे नसतात बरं का, आतली जागा किती त्याचं माप असतं. मी पण आधी वजनच समजत होते. तिप्पट मोठी म्हणजे पोरांसाठी तिप्पट मजा हे खरंय. पाण्याच्या घसरगुंड्या, दोरीवरचे खेळ, झिपलाइन, मोठा सकाळी नाश्ता करून जो गायब व्हायचा तो डायरेक्ट जेवायला. पण तिप्पट मोठी म्हणजे आईंना तिप्पट चालणं, ते पण तितकंच खरं. केबिनपासून जेवायच्या हॉलपर्यंत जाऊन यायचं म्हणजे त्यांना सोलापुरात सात रस्त्याहून पार्क चौकापर्यंत चालत गेल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, तुम्ही जाऊन या, माझं ताट इथेच आण.

आणि इथेच मला कळलं की आपण निवडताना चुकीचं बघतो. आपण व्हिडिओ बघतो, घसरगुंडी किती उंच, थिएटर किती मोठं, रेस्टॉरंट किती. मी आता एवढंच विचारते की घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला आणि सगळ्यात लहान पोराला तिथे माझ्याशिवाय एक तास काढता येईल का. मुंबईच्या बोटीवर आई पहिल्याच संध्याकाळी स्वतः काउंटरवर जाऊन मोडक्यातोडक्या हिंदीत सांगून आल्या की कांदा-लसूण नको, गरम पाणी पाहिजे. जैन जेवणाचा काउंटर होता, वाढणाऱ्या मुलाने त्यांना दुसऱ्या दिवशी ओळखलं, मावशी म्हणून हाक मारली. दोन दिवस त्या मला शोधत फिरल्या नाहीत, उलट मीच त्यांना शोधत होते, त्या वरच्या डेकवर नागपूरच्या एका काकूंबरोबर गप्पा मारत बसलेल्या. सिंगापूरच्या बोटीवर पण भारतीय शाकाहारी जेवण व्यवस्थित मिळालं, चवीला चांगलं होतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण तिथे प्रत्येक गोष्टीला त्यांना मी लागत होते. वाढणाऱ्याशी इंग्लिश, लिफ्टमध्ये इंग्लिश, अनाउन्समेंट इंग्लिश आणि चायनीज. त्या काही बोलल्या नाहीत पण गप्प गप्प झाल्या होत्या आणि ते मला आठ महिन्यांनंतरही आठवतं.

धाकटीचं बरोब्बर उलटं. मुंबई-गोव्याला ती दुसऱ्या दिवशी दुपारी विचारत होती घरी कधी जायचं. सिंगापूरला तिने एक कोरियन की जपानी मैत्रीण केली, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि तीन दिवस दोघी पाण्यातून बाहेर आल्या नाहीत.

बोट लागण्याबद्दल, म्हणजे बोटीत मळमळण्याबद्दल सगळे विचारतात. आम्हाला मुंबईहून निघाल्यावर पहिल्या रात्री मोठ्याला त्रास झाला, आई-अण्णांना काही नाही. तो केबिनमध्ये पडून मोबाइलवर गेम खेळत होता. कानाच्या आतल्या भागाला कळतं की आपण हलतोय आणि डोळ्यांना दिसतं की काही हलत नाही, त्या गोंधळातून मळमळतं. त्याला वर डेकवर नेलं, लांब किनाऱ्यावरच्या दिव्यांकडे बघत बसवलं, अर्ध्या तासात बरा झाला. आमची ती केबिन वरच्या डेकवर आणि पार पुढच्या टोकाला होती, तिथे हलणं जास्त जाणवतं. मधली आणि खालच्या डेकवरची घ्या. गोळ्या डॉक्टरांना विचारून सोबत ठेवा आणि मळमळायच्या आधी घ्या, नंतर उपयोग कमी. पावसाळ्यात मुंबई-गोव्याचा विचारच नको, अरबी समुद्र खवळलेला असतो, त्या दिवसांत कॉर्डेलिया चेन्नईच्या बाजूने जाते.

सोलापूरहून जायचं कसं हा आपला खरा प्रश्न. मुंबईसाठी रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस बेस्ट, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, बोट सुटते ते बॅलार्ड पिअर तिथून टॅक्सीने हाकेच्या अंतरावर. वंदे भारत साडेबाराच्या सुमाराला पोचते, बोर्डिंगच्या दिवशी मी तेवढी रिस्क घेणार नाही, बोट तुमच्यासाठी थांबत नाही. परत येताना बोट सकाळी धक्क्याला लागते आणि सिद्धेश्वर रात्री, अख्खा दिवस सामान घेऊन काढावा लागतो, आम्ही रिटायरिंग रूम घेतली होती, आईंना आडवं होता आलं. आणि सिंगापूरला आम्ही मुंबईहून नाही, हैदराबादहून गेलो. लोकांना हे सुचतच नाही. सोलापूरहून हैदराबाद साधारण 300 किलोमीटर, मुंबई 400, शिवाय तिकडून सिंगापूरला डायरेक्ट विमान आहे. घरून गाडी केली, उमरग्याला चहा, आणि विमानतळ शहराच्या बाहेरच असल्यामुळे ट्रॅफिक नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. मुंबई-गोव्याला आधार कार्ड बास. सिंगापूरला पासपोर्ट कमीत कमी सहा महिने शिल्लक पाहिजे, आणि व्हिसा मल्टिपल एन्ट्रीच पाहिजे, कारण बोट मलेशियाला जाऊन परत सिंगापूरला येते म्हणजे तुम्ही दोनदा आत शिरता. त्यांचं अरायव्हल कार्ड पण परत येताना पुन्हा भरायचं. मलेशियाला डिसेंबर 2023 पासून आपल्याला व्हिसा लागत नाही. परदेशी पॅकेजवर टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापतात, तो खर्चात धरू नका, रिटर्न भरताना सीएला सांगा.

आमच्या वाटेत पेनांग होतं आणि ती अख्ख्या ट्रिपमधली आईंची सगळ्यात आवडती जागा. बोट जॉर्ज टाऊनला अगदी गावाला चिकटून लागते, कंपनीची महागडी टूर घ्यायची गरजच नाही. लिटल इंडियापर्यंत आम्ही हळूहळू चालत गेलो, तिथे 1833 सालचं मारिअम्मनचं देऊळ आहे. आईंचं माहेर सोलापुरातच अशोक चौकाकडचं, शेजारी सगळे तेलुगू बोलणारे पद्मशाली, त्यामुळे त्यांना तेलुगू चांगलं येतं. फुलवालीशी त्या तेलुगूतून बोलल्या, ती तमिळ, पण दोघींचं कसं जुळलं माहीत नाही, तिने गजरा दिला आणि पैसे घेतले नाहीत. तीन दिवसांत पहिल्यांदा आई मोकळ्या हसल्या. गोव्यात पण मुरगावला बोट लागल्यावर आम्ही टॅक्सी करून मंगेशीला जाऊन आलो, सगळं झालं पण धावपळ झाली, तिथे बोट सुटायच्या वेळेच्या बरंच आधी परतायचं धरूनच ठरवा.

एक फटका बसला तो मोबाइलचा. खोल समुद्रात गेल्यावर ह्यांचा फोन आपोआप बोटीच्या नेटवर्कला जोडला गेला, रोमिंग चालू राहिलं होतं, घरी आल्यावर बिलात जवळपास पाच हजार. मोबाइल कंपनीला दोन महिने मेल केले, एक रुपया परत आला नाही. आपलं साधं रोमिंग पॅक समुद्रात चालत नाही, निघाल्या निघाल्या एअरप्लेन मोड टाका. आणि बोटीवर सगळा खर्च खोलीच्या कार्डावर पडतो, पोरांच्या हातात ते कार्ड असतं, शेवटच्या रात्री काउंटरवर जाऊन बिल ओळ न् ओळ बघा, सकाळी गर्दी असते.

बारीकसारीक. बोर्डिंगला बॅगा घेऊन जातात त्या केबिनवर संध्याकाळपर्यंत येतात, म्हणून औषधं आणि पोरांचे पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ देत नाहीत. घरी केलेलं जेवण नेऊ देत नाहीत, आमच्या कडक भाकरी त्यामुळे गाडीतच संपवाव्या लागल्या, शेंगा चटणीचं दुकानातलं सीलबंद पाकीट मात्र गेलं, पण आधी विचारून घ्या. सुटायच्या आधी सेफ्टी ड्रिल असतं ते टाळू नका, पोरांना नेऊन आपली जमायची जागा दाखवा.

मग मेमध्ये काय करायचं? पहिलीच वेळ असेल आणि सोबत आई-वडील असतील तर सिंगापूरला उडी मारू नका, ऑक्टोबरनंतर मुंबईहून दोन रात्रींची करून बघा. त्यात कळतं कुणाला बोट लागते, कोण कंटाळतं, कुणाला किती चालवतं. फक्त नवरा-बायको आणि सात वर्षांपुढची पोरं असतील तर सरळ सिंगापूर, गेंटिंग ड्रीम भारतीय जेवणासाठी मला बरी वाटली, रॉयल कॅरिबियनच्या मोठ्या बोटी पोरं टीनएजर असतील तर. डिझ्नीची बोट सिंगापूरहून मार्च 2026 ला सुरू होईल असं जाहीर झालंय, ती कुठल्या बंदरावर न थांबता समुद्रातच फिरून येणार आहे, म्हणजे पेनांगसारखं काही नाही, आमच्या आईंसाठी ती बाद.

आता अण्णांचं लक्षद्वीप चाललंय. कॉर्डेलिया अगत्तीला जाते, पण तिथे मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही, छोट्या बोटीत उतरून जावं लागतं, ती हलत असते आणि पाय उचलून टाकावा लागतो. आईंच्या गुडघ्याचं डॉक्टर मार्चमध्ये परत बघणार आहेत, त्यांना मी हेच विचारणार आहे, त्यांनी हो म्हटलं तर दिवाळीनंतरचं बुकिंग करू.