भूत हवं की खरा खुनी? व्हाइटचॅपल, व्हाइटहॉल आणि मिस्टेरियम

खऱ्या गुन्ह्यावर बेतलेला आणि वर भुताटकीचाही असा बोर्ड गेम कोणी मागितला की मी आधी एक निवड करायला सांगतो, कारण दोन्ही गोष्टी एकाच खोक्यात नीट जमलेला खेळ माझ्या पाहण्यात नाही. जिथे खून खरा असतो तिथे भूत नसतं, आणि भूत असतं तिथे खून रचलेला असतो. त्यामुळे इथे तीन खेळ शेजारी ठेवतो: ‘लेटर्स फ्रॉम व्हाइटचॅपल’ (2011), ‘व्हाइटहॉल मिस्टरी’ (2017) आणि ‘मिस्टेरियम’ (2015). पहिले दोन गाब्रिएले मारी आणि जानलुका सांतोपिएत्रो या इटालियन जोडीचे आणि दोन्ही 1888 च्या लंडनमधले. तिसरा स्कॉटलंडमधल्या एका काल्पनिक वाड्यातला.

‘स्कॉटलंड यार्ड’ खेळत मोठे झालेल्यांना पहिल्या दोघांचा गाभा पटकन कळेल. एक जण लपतो, बाकीचे शोधतात. तिथला लपणारा, मिस्टर एक्स, अधूनमधून तोंड दाखवतो आणि कोणत्या वाहनाने गेला हेही तिकिटावरून कळतं. व्हाइटचॅपलमध्ये ती मेहेरबानी नाही. पटावर 195 क्रमांकांची ठिकाणं आहेत. लपणारा असतो जॅक, म्हणजे 1888 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल वस्तीत बायकांचे खून करणारा, कधीच न सापडलेला ‘जॅक द रिपर’. तो आडोशामागे बसून प्रत्येक चालीचा क्रमांक कागदावर लिहितो, आणि खून झाल्यानंतर त्याची सोंगटी पटावर नसतेच. पोलीस दोन क्रमांकांच्या मधल्या नाक्यांवरून फिरतात आणि शेजारचा एकेक क्रमांक घेऊन विचारतात, ‘इथून गेलास का?’ जॅकला खरं उत्तर द्यावं लागतं, पण तो तिथून गेला एवढंच कळतं, कधी गेला ते नाही. डोकं खाजवायला लावणारी गोष्ट ही. माग सापडला म्हणून आनंदाने धावावं तर तो तीन चालींपूर्वीचा निघतो.

खेळ चार रात्रींचा. खून करून जॅकला दर रात्री आपल्या अड्ड्यावर परतायचं असतं, आणि तो अड्डा चारही रात्री तोच असतो, त्याने सुरुवातीला गुपचूप लिहून ठेवलेला. म्हणून पहिल्या रात्री तो हातातून निसटला तरी पोलिसांची मेहनत फुकट जात नाही. त्या रात्रीचा माग दुसऱ्या रात्रीच्या मागावर ठेवून पाहिला की वस्तीचा एखादा कोपरा संशयाचा वाटू लागतो. उलट जॅक पहिल्याच रात्री चार-पाच चालींत घरी पोचला तर त्याने आपला पत्ताच सांगितल्यासारखं होतं. हुशार जॅक मुद्दाम वाकडी वाट धरतो. त्यातच घोडागाडी आणि गल्लीबोळाच्या खास चाली रात्रीगणिक कमी होत जातात, त्यामुळे शेवटची रात्र त्याला जड जाते. मला या तिघांत सर्वांत खोल वाटतो तो हाच खेळ. पण दोन-अडीच तास हाताशी हवेत आणि पोलिसांच्या बाजूला वाद घालायची हौस असलेले दोन-तीन गडी हवेत. एकच शहाणा बाकीच्यांना नाचवू लागला की मजा संपते. नियमांत तपासप्रमुखाची जबाबदारी आळीपाळीने फिरते ती त्यासाठीच, तेव्हा ती सोय वगळू नका.

आता याची दुसरी बाजू. चार रात्री म्हणजे 1888 मधल्या चार खऱ्या तारखा: 31 ऑगस्ट, 8 सप्टेंबर, 30 सप्टेंबर आणि 9 नोव्हेंबर. तिसऱ्या रात्री दोन खून होतात, कारण त्या रात्री एलिझाबेथ स्ट्राइड आणि कॅथरीन एडोज या दोघींचा जीव गेला. पहिल्या बळी मेरी अॅन निकोल्स यांच्याकडे खाटेच्या भाड्याचे चार पेन्सही नव्हते, म्हणून त्या रात्री बाहेर होत्या. खेळात या बायका म्हणजे पांढऱ्या सोंगट्या. जॅकने खून लांबणीवर टाकला तर त्या सोंगट्या चक्क पोलीस हलवतात. नियम म्हणून फार चतुर. टेबलावर करताना काही जणांचा हात अडतो. त्यात चूक काही नाही. आपल्या घरात कोण खेळणार आहे हे पाहून ठरवावं. आठवी-नववीतल्या मुलांसमोर मी तरी हा काढणार नाही.

व्हाइटहॉल मिस्टरी हे त्याचंच धाकटं भावंड, आणि याचा गुन्हाही खरा. 2 ऑक्टोबर 1888 ला लंडन पोलिसांच्या नव्या मुख्यालयाचं बांधकाम चालू असताना तळघरात एका स्त्रीचं धड सापडलं. एक हात आधीच सप्टेंबरमध्ये थेम्सकाठी पिम्लिकोजवळ मिळाला होता. शीर कधीच मिळालं नाही, तिची ओळख पटली नाही, खुनी सापडला नाही. न उकललेल्या गुन्ह्यावर पोलिसांची इमारत उभी राहिली, असा योग कादंबरीकारालाही सुचू नये. त्या वेळच्या पोलिसांनी हे प्रकरण व्हाइटचॅपलच्या खुन्याशी जोडलं नव्हतं. खेळ मात्र खुशाल जॅकलाच आरोपी करतो. इतिहासप्रेमींनी एवढी सूट द्यावी.

खेळायला हा सुटसुटीत. अड्डा नाही, रात्री नाहीत. पटाच्या चार भागांत एकेक ठिकाण जॅक गुपचूप निवडतो, त्यातल्या एकापासून सुरुवात करतो आणि पुढचं प्रत्येक ठिकाण 15 चालींच्या आत गाठतो. तपासनीस तीनच. नदी असल्यामुळे होडीचीही खास चाल आहे, आणि ती पोलिसांना हमखास गोत्यात आणते. एका ठिकाणी पोचला की जॅकला ते जाहीर करावं लागतं, मग तपास तिथून पुन्हा तापतो. तासाभरात डाव उरकतो, मांडायलाही वेळ लागत नाही. हरवतं ते एकच: रात्रीमागून रात्री अड्ड्याभोवतीचा फास आवळण्याचं समाधान. जेवणानंतर एक डाव टाकून झोपायचं असेल तर हाच घ्या. बळी जाणाऱ्या बायकांच्या सोंगट्याही यात नाहीत, त्यामुळे वरची अडचण बरीच निवळते.

मिस्टेरियमचा स्वभावच वेगळा. इथे कोणी कोणाविरुद्ध नाही. एक जण खून झालेल्याचं भूत होतो, बाकीचे त्याला बोलावणारी माणसं. प्लँचेटच्या गप्पा ऐकलेल्या घरात हे समजावावं लागत नाही, फक्त इथलं भूत अक्षरंही जुळवत नाही. ते बोलत नाही, खुणा करत नाही, केवळ स्वप्नांची चित्रं असलेले पत्ते देतं. त्यावरून प्रत्येकाने आपला संशयित, खोली आणि हत्यार ओळखायचं. मुदत सात तासांची, म्हणजे सात फेऱ्या. तुम्ही चित्रातल्या निळ्या माशासाठी दिलेला पत्ता समोरचा कोपऱ्यातल्या शिडीसाठी वाचतो, आणि तुम्हाला तोंड उघडता येत नाही! भूत होणाऱ्याची खरी शिक्षा तीच. पत्त्यांवर मजकूर नसल्यामुळे इंग्रजी न वाचणारी आजी आणि चौथीतली नात एकाच बाजूने खेळू शकतात. सात जणांपर्यंत चालतो. गणेशोत्सवात घर भरलेलं असताना व्हाइटचॅपल काढून पाहा, अर्धे जण मोबाईलमध्ये जातील. मिस्टेरियममध्ये तसं होत नाही. बरेच डाव झाले की चित्रं पाठ होतात ही त्याची उणीव, पण त्याला जादा पत्त्यांचे संच मिळतात.

ठरलेली तीन-चार जणांची टोळी महिन्यातून एखाद्या रविवारी जमत असेल तर व्हाइटचॅपल. ती टोळी अजून जमायची असेल, किंवा लपाछपीचा हा प्रकार आपल्याला रुचतो का हेच कळायचं असेल, तर व्हाइटहॉल. भूत ही अट सोडायची नसेल तर मिस्टेरियम, खऱ्या गुन्ह्यावर पाणी सोडून.

घरात खेळणारे दोघंच असतील तर मात्र यातला एकही नको. पहिल्या दोन खेळांत मग सगळे तपासनीस एकट्यानेच हलवावे लागतात, आणि मिस्टेरियम तर माणसांच्या गलक्यावरच जगतो. त्यासाठी ‘मिस्टर जॅक’ (2006) पाहा. अर्ध्या तासाचा, आठ पात्रांचा. गॅसच्या दिव्यांच्या उजेडात कोण दिसतं आणि कोण नाही यावरून एकेक पात्र निर्दोष ठरत जातं. त्यातलं विल्यम गल हे पात्र म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा खराखुरा डॉक्टर. त्याच्यावरचा संशय बऱ्याच नंतरच्या काळातला आणि तोही पुराव्याविना, पण पटावर बिचारा दर डावात संशयितांच्या रांगेत उभा असतो.