ओटा, चौकटी, पायऱ्या, कट्टा: वर्षभर वापरलेला ग्रॅनाइट

सोलापूरच्या आमच्या नव्या घरात ग्रॅनाइट बऱ्याच ठिकाणी आहे. स्वयंपाकाचा ओटा, बाथरूमच्या दारांच्या चौकटी, खिडक्यांच्या चारही बाजू, जिन्याच्या पायऱ्या, देवघराची बैठक आणि पुढच्या व्हरांड्यातला कट्टा. राहायला येऊन वर्ष उलटलं. इथला उन्हाळा, परतीचा पाऊस, बोअरचं जड पाणी, सणवार, पाहुणे, सगळं या दगडावरून गेलंय. त्यामुळे आता ठाम सांगते: दगड कुठला घ्यायचा याचा लोक महिनाभर घोळ घालतात, पण घरात सुख किंवा ताप होतो तो कडा, सांधे आणि खालच्या आधारामुळे. दुकानात स्लॅब बघायला जितका वेळ देता, त्याच्या दुप्पट वेळ बसवताना तिथे उभे राहा.

ओट्यापासून सुरुवात करते, कारण खरी परीक्षा तिथेच होते. आमच्याकडे रोज ज्वारीची भाकरी असते. परातीत भाकरी थापताना ओट्यावर जो दणका बसतो, तो पोळ्या लाटणाऱ्या घरांत बसत नाही. म्हणून त्या जागी खाली पोकळी ठेवायची नाही, हे सासूबाईंनी मिस्त्रीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "बाबा, इथं माझा हात पडणार हाय, खाली भक्कम ठेव." त्याने तिथे कडप्प्याचा एक उभा आधार जास्तीचा घेतला आणि वरही आधी कडप्पा टाकून त्यावर ग्रॅनाइट बसवला. आजतागायत तिथे ना आवाज बदललाय, ना सांधा हललाय. हल्ली नुसत्या प्लायच्या ट्रॉल्यांवर ग्रॅनाइट ठेवून देतात. ज्या घरात खलबत्ता चालतो, शेंगादाण्याचं कूट आणि चटणी कुटली जाते, तिथे हे चालणार नाही.

उंचीचंही तसंच. बहुतेक मिस्त्री न विचारता ३४ इंचांचा ओटा करतात. भाजी चिरायला ती उंची बरी, पण भाकरी थापायला खांदे वर येतात. आमच्या ओट्याचा एका टोकाचा अडीच फुटांचा भाग ३० इंचांवर आहे. पाच फुटांच्या आतबाहेरच्या बायकांनी हे जरूर करून घ्यावं. खर्चात फरक फक्त एका जास्तीच्या कडेचा पडतो.

आता वापर. कुकर गॅसवरून उतरवून थेट ओट्यावर ठेवतो, तवाही ठेवतो, काही होत नाही. हळद, चिंच, लिंबू, आमसूल यांनी काळ्या ग्रॅनाइटवर एकही डाग उरलेला नाही. कारण साधं आहे. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्याला आंबट लागलं की तो विरतो आणि पॉलिश मरतं. ग्रॅनाइट क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार या खनिजांचा, त्याला लिंबाचं काही वाटत नाही. कडकपणाच्या मोहच्या मापात (आकडा मोठा तितका पदार्थ कडक) क्वार्ट्झ ७ आणि फेल्डस्पार ६ वर येतं, स्वयंपाकघरातली सुरी साधारण साडेपाचवर. म्हणजे ओट्यावरच चिरलं तर ओट्याला चरा पडणार नाही, सुरी मात्र बोथट होईल. चिरायला पाट घ्याच. संक्रांतीला तिळाच्या वड्या आम्ही ताटात न थापता तूप लावलेल्या ओट्यावरच थापल्या. पाक लवकर आळला आणि वड्या अलगद सुटल्या. आता दरवर्षी असंच करणार.

काळ्याबद्दल एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून जे मिळतं, ते भूगर्भशास्त्राच्या हिशोबात बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असा वेगळाच दगड असतो. वापरायला ते उत्तमच, किंबहुना पाणी आणखी कमी पितं. भीती वेगळीच आहे. करड्या दगडाला रंग किंवा तेल चढवून काळा म्हणून विकतात, आणि तो वर्षा-दोन वर्षांत नळाजवळ पांढुरका पडतो. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश काढायचं अॅसिटोन घेऊन स्लॅबच्या कोपऱ्यावर जोरात घासा. फडकं काळं झालं तर तिथून निघा. आम्ही बघितलेल्यांतला एक स्लॅब असाच निघाला. बोलीत तो स्वस्त होता आणि घरचे सगळे त्यावर भुलले होते.

दुसरी परीक्षा पाण्याची. फिक्या रंगाच्या स्लॅबवर चमचाभर पाणी ओतून दहा मिनिटं थांबा. पुसल्यावर तिथे ओला गडद ठसा दिसला तर तो दगड तेलही पिणार. तिसरी परीक्षा पाठीची. मागच्या बाजूला जाळी चिकटवलेली असेल तर स्लॅब मुळात नाजूक आहे असं धरा, आणि तो सिमेंटवर नीट धरत नाही, त्याला एपॉक्सीचं चिकटवणं लागतं. मोबाइलचा टॉर्च स्लॅबला जवळजवळ टेकवून आडवा धरला की केसाएवढ्या चिराही उजळून दिसतात. आमचा गॅलरीसाठीचा दुसरा स्लॅब असाच परत पाठवला. दुकानदाराने दुसऱ्या लॉटमधला गाडीत घातला होता आणि त्यात आडवी चीरही होती.

ओट्यात एक दोष राहिलाय, तो सांगायलाच हवा. शेगडी बसवायला जो चौकोन कापला, त्याचे कोपरे मिस्त्रीने काटकोनात काढले. काप एकमेकांना छेदून पुढे गेले आणि तिथून अर्ध्या बोटाची चीर सुरू झाली. दिसत नाही, पण नख फिरवलं की अडकतं. काळं एपॉक्सी भरून घेतलंय, उन्हाळ्यात ती पुढे सरकली नाही. कापाचे कोपरे नेहमी गोल हवेत, आधी भोक पाडून मग त्या भोकापर्यंत काप न्यायचा. सिंकच्या पुढची तीन बोटांची पट्टी ही सगळ्यात दुबळी जागा. भरलेली घागर तिथेच टेकवली जाते. त्या पट्टीखाली खाच पाडून सळई एपॉक्सीत बसवून घ्या. आमच्याकडे ती आहे आणि तिथे काही तक्रार नाही.

ओट्याच्या पुढच्या कडेखाली बारीक आडवी खाच पाडून घेतली आहे. सांडलेलं पाणी तिथे अडून थेंब होऊन खाली पडतं, मागे ट्रॉलीच्या दारांवर ओघळत नाही. काम पाच मिनिटांचं, पण मागितल्याशिवाय कोणी करत नाही. कडेला गोल मोल्डिंग, म्हणजे गोलाई, पोटाला लागत नाही म्हणून घेतलं. कडा दिसायला जाड व्हावी म्हणून खाली दुसरी पट्टी चिकटवतात, तिचा सांधा ग्रॅनाइटच्याच भुकटीच्या रंगाचा भरायला सांगा. आमच्या बिलात कटिंग, मोल्डिंग आणि पॉलिश मिळून दगडाच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त झालं, तेव्हा चौरस फुटाच्या भावावर अंदाजपत्रक करू नका. मोल्डिंग रनिंग फुटावर, म्हणजे कडेच्या लांबीवर लागतं.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग हा सोलापूरकरांचा कायमचा प्रश्न. काळ्यावर ते चारपट उठून दिसतात. रात्री ओटा कोरडा पुसला तर डाग पडत नाहीत, हाच खरा उपाय. नळाच्या बुडाशी साचलेला थर दाढीचं ब्लेड आडवं धरून खरवडला की सुटतो, दगडाला ओरखडा येत नाही. बाथरूमचं अॅसिड मात्र अजिबात नको. दगड टिकेल, सांध्यातला माल खाल्ला जाईल.

बाथरूमच्या चौकटींवर माझा जीव आहे. जुन्या घरात लाकडी चौकटी खालून कुजल्या होत्या, एकीला वाळवी लागली होती. इथे काळजी संपली. दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटवून दारासाठी खाच तयार करतात. फक्त बिजागऱ्यांचे स्क्रू नुसत्या प्लास्टिकच्या गुट्टीत घातले की काही महिन्यांत ढिले पडतात. आमच्या एका दाराचे पडले. मग आरपार बोल्ट घातले. चौकट उभी करण्याआधीच हे केलं तर भिंत फोडावी लागत नाही.

खिडक्यांबद्दल थोडक्यात. खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार आणि पोटाखाली खाच असेल तर परतीच्या तिरक्या पावसातही भिंत ओली होत नाही.

जिन्याला गुळगुळीत पॉलिशचा ग्रॅनाइट घालू नका. हे मी कळकळीने लिहिते आहे. छायाचित्रात तो आरशासारखा चकाकतो, पण ओल्या चपलांनी चढणारी म्हातारी माणसं आणि धावणारी मुलं त्याच जिन्यावरून जातात. आमच्या पायऱ्यांचा पाऊल ठेवायचा भाग फ्लेम फिनिशचा, म्हणजे ज्योतीने पृष्ठभाग खडबडीत केलेला आहे, आणि पुढच्या कडेला तीन झिऱ्या पाडल्यात. उभे भाग तेवढे पॉलिशचे. झिऱ्यांत धूळ बसते, ब्रश फिरवावा लागतो. पावसाळाभर सासूबाई कठडा न धरता उतरल्या, त्यापुढे ब्रशचं काय!

व्हरांड्यातल्या कट्ट्यासाठी इलकलचा लाल घेतला. इलकल आपल्याला साडीमुळे माहीत, पण तिथला गुलाबी-लाल ग्रॅनाइटही नावाजलेला आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीवर पसरून भराभर थिजला, म्हणून त्यात कण दिसत नाहीत. कर्नाटक-तेलंगणातला ग्रॅनाइट त्याच्या कितीतरी आधी जमिनीच्या पोटात सावकाश निवला, म्हणून त्याचे दाणे डोळ्यांना मोजता येतात. कट्ट्यावर बसून आमचा मुलगा गुलाबी, पांढरे आणि काळे दाणे वेगवेगळे दाखवतो. लाल फेल्डस्पार, काचेसारखं क्वार्ट्झ, काळा अभ्रक. शेजाऱ्यांचा कट्टा काळा आहे आणि पश्चिमेला तोंड करून. मे महिन्यात दुपारी चारला त्यावर हात ठेववत नाही. आमचाही तापतो, पण संध्याकाळी पाणी मारलं की बसता येतं. उन्हाच्या जागी काळा टाळा.

देवघराची बैठक फिकट करड्या ग्रॅनाइटची आहे. अभिषेकाचं पंचामृत, चिंचेने घासलेली तांब्याची भांडी तिथेच निथळतात. बहिणीच्या घरच्या संगमरवरी देव्हाऱ्यावर याच चिंचेने आणि दह्याने पांढरे निस्तेज पट्टे पडलेत. इथे तसं नाही. दिवाळीत मात्र एक पणती रात्रभर पाझरली आणि तेलाचा काळसर गोल उमटला. खाण्याच्या सोड्याचा पाण्यात दाट लेप करून, वर प्लास्टिक चिकटवून रात्रभर ठेवला. सकाळी लेप पिवळट झाला होता. तीनदा केल्यावर ठसा गेला. हळदीचा एक डाग खिडकीजवळ होता, तो उन्हाने आपोआप उडाला, हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. फिक्या ग्रॅनाइटला सीलर, म्हणजे दगडात पाणी-तेल मुरू न देणारं द्रावण, लावून घ्या आणि चमचाभर पाण्याची परीक्षा वर्षातून एकदा पुन्हा करा. पाणी मुरायला लागलं की सीलर परत लावायचा. काळ्याला आम्ही काहीच लावलेलं नाही.

काम चालू असताना एका गोष्टीवर मी अडून बसले. मिस्त्रीबरोबर आलेला मुलगा तोंडाला रुमाल बांधून कोरडाच दगड कापत होता, आणि घरभर पांढरा धुरळा. ग्रॅनाइटमध्ये भरपूर क्वार्ट्झ असतं, त्याची ही बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या यादीतही तो सरकारकडे नोंदवायच्या आजारांत होता. रुमालाने ती धूळ अडत नाही. मी चांगले मास्क आणून दिले, आणि त्यांनी बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पातीवर पाण्याची धार सोडली. चिखल झाला, तो धुतला. मोठे काप तर दुकानातच पाण्याच्या मशीनवर करून घ्यावेत, घरी फक्त जुळवाजुळव ठेवावी. तुमच्याकडे काम निघालं तर पाण्याशिवाय कटर चालू देऊ नका, आणि घरातल्या लहान मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे पाठवा.

क्वार्ट्झचे तयार कृत्रिम ओटे का घेतले नाहीत, असं बरेच जण विचारतात. रंग एकसारखा मिळतो आणि डाग सहसा पडत नाहीत हे खरं. पण त्यात राळ असते, आणि तापलेला तवा थेट ठेवला की ती करपते. आमच्या घरात तवा थेटच ठेवला जाणार, हे मला माहीत होतं.

शेवटची सूचना तुकड्यांबद्दल. स्लॅबचे पैसे आपण पूर्ण मापाचे देतो, पण कापून उरलेले तुकडे बहुधा मिस्त्रीच्या टेम्पोत जातात. आम्ही सगळे मागून घेतले. एकाचा पोळपाट झाला, एक तुळशीच्या कुंडीखाली आहे, एक लोणच्याच्या बरणीत दडपण म्हणून. ओट्याच्या स्लॅबचा हातभर तुकडा गच्चीच्या खोलीत जपून ठेवलाय. उद्या नळ बदलताना कड उडाली तर त्याच लॉटचा दगड बाजारात मिळणार नाही.