नाताळची घरगुती सजावट आणि भेटी : एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

घरी करायच्या ख्रिसमस सजावटीचे व्हिडिओ डिसेंबरात बघावेत, पण त्याबद्दल लिहायचं तर दिवाळी उलटल्यावर लिहावं. पंचवीस तारखेला सगळंच छान दिसतं. मधे मे महिना जातो, मग श्रावण-भादवा जातो, आणि मग कळतं की कशावर घातलेला वेळ सार्थकी लागला आणि कशावर उगाच हात चिकट केले.

मी जालन्याची. आमच्या पोटमाळ्यावर पत्रे आहेत आणि उन्हाळ्यात तिथल्या लोखंडी ट्रंकेला हात लावला तर चटका बसतो. गेल्या नाताळात दिव्यांची माळ सोडली तर सगळं घरीच केलं आणि जानेवारीत ते त्याच ट्रंकेत आणि खोक्यांत भरून वर चढवलं. आता खाली काढलंय. ज्यांना या वर्षी काही करायचंय त्यांच्यासाठी लिहिते.

"मराठवाड्यात कसला आलाय नाताळ?" असं विचारणारं कुणीतरी भेटतंच, म्हणून आधीच सांगते. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं ते एकोणिसाव्या शतकात. तेव्हा इथल्या ख्रिस्ती घरांतल्या करंज्या-शंकरपाळी आणि दारावरची चांदणी काही परवा आलेली नाही. फक्त बर्फ पडत नाही. आणि बर्फाची हौस असलीच, तर कापसाला काय तोटा?

कापसापासूनच सुरू करते. दारावर लावायचं रीथ, म्हणजे गोल कड्यासारखं तोरण, बोंडांचं केलं होतं. व्हिडिओवाले त्याचं कडं द्राक्षाच्या वेलीचं करतात. आपल्याकडे पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, ढिगाने, म्हणून जो तो पऱ्हाटी सुचवतो, पण वाळलेली पऱ्हाटी वाकत नाही, कडकन मोडते. गुळवेल घ्या. कडुनिंबावर चढलेली, करंगळीएवढी जाड. ओली असतानाच तीन-चार वेढे देऊन कडं वळायचं आणि सुतळीने आवळायचं. गुळवेलीची गंमत अशी की ती तोडली तरी लवकर मरत नाही. बाकी सामान वर गेलं तरी रीथ दारावरच ठेवलं होतं, तर फेब्रुवारीत त्याच्या खालच्या अंगाला दोन पोपटी पानं फुटली, चांगली बदामाच्या आकाराची. मी ती खुडायला गेले तर आत्याबाई म्हणाल्या, "राहू दे गं, दारात औषध असलेलं बरंच." मग ते ऊन तापेपर्यंत तसंच राहिलं.

कडं आजही मजबूत आहे. त्यावरची बोंडं मात्र दोन प्रकारची निघाली, आणि हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. माहेरच्या शेतातून पहिल्या वेचणीच्या वेळची बोंडं आणली होती, ती जशीच्या तशी आहेत, थोडी पिवळट झाली इतकंच. कमी पडली म्हणून डिसेंबरात कुणाच्या तरी फरदडीतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही मोडायच्या ऐवजी राखलेल्या कापसातली आणली, त्यांच्यात गुलाबी बोंडअळी होती. ही अळी सरकीत शिरून, कधी कधी दोन सरक्या एकमेकींना जोडून, आत निवांत झोपते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. उरलेल्या बोंडांचं खोकं पावसाच्या तोंडाला उघडलं तर आतून बारीक तपकिरी पतंग भुर्रकन उडाले. सजावटीचं सोडा, पण शेजारी कुणाचं कापसाचं रान असेल तर आपण त्याच्या घरात चोर सोडल्यासारखं आहे हे. फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर पीक मोडा, असं कृषी विभागाचे लोक दरवर्षी सांगतात ते याच अळीसाठी. तेव्हा बोंडं घ्यायची तर पहिल्या वेचणीची, टरफलाला भोक नसलेली. आणि हंगाम संपला की बोंडं जाळून टाकायची, पुढच्या वर्षीसाठी ठेवायची नाहीत. सरकीच्या वासाने उंदीर येतात ते वेगळंच.

झाडाखाली पसरायच्या बर्फाला पिंजलेला कापूस उत्तम. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे ते चुरा करून उडवायचं प्रकरण तसंही संपलं. पण कापसाजवळ मेणबत्ती किंवा पणती अजिबात नको, आणि जुनी, बल्ब तापणारी माळही नको. एलईडीची माळ लावली तरी रात्री झोपताना बटण बंद.

झाड तुरीचं केलं होतं. म्हणजे तुराट्या घेऊन खालची हातभर, वरची वीतभर अशा उतरत्या क्रमाने सुतळीत ओवल्या आणि भिंतीवर टांगल्या. जागा अडत नाही, पोरं पाडत नाहीत. रोपवाटिकेतलं ख्रिसमस ट्री आमच्या उन्हात कुंडीत जगवणं म्हणजे त्याच्यासाठी एक माणूस ठेवणं, म्हणून तो नाद केला नाही. तुराट्यांचा निकाल चांगला आहे, पण पूर्ण नाही. दोन-तीन तुराट्यांतून पिठासारखा भुसा गळत होता, भुंगा लागलाय. त्या बदलल्या. नव्या तुराट्या साल काढून, कडक उन्हात तापवून, कडुनिंबाचं तेल चोळून ओवणार आहे. खर्च शून्य, त्यामुळे तक्रारही नाही.

आता चांदणी. कामट्यांचा सांगाडा आणि वर पतंगी कागद, हे आकाशकंदील करणाऱ्या कुणालाही जमतं. कागद मात्र बाहेरच्या उन्हात टिकत नाही. राणी रंग तर नाताळच्या आधीच विटून गेला होता. शिवाय मैद्याची खळ. ती झुरळांना आणि कसरीला आमंत्रण असते. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद टाकायचे ते उगाच नाही, पण ते विषारी आहे, लहान मुलं असलेल्या घरात मी टाकायला सांगणार नाही. त्यापेक्षा कागदाऐवजी जुनी सुती साडी ताणून बसवा. आमची एक चांदणी आत्याबाईंच्या पिवळ्या सुती लुगड्याची आहे, कडा टाके घालून शिवलेल्या. दिवा लावला की कापडाची वीण दिसते, आणि काठाची लाल पट्टी नेमकी एका टोकावर आलीय. धूळ बसली तर उसवून धुता येते. या सगळ्या यादीत पहिला नंबर तिचा.

लेकीने केलेला कागदी तारा वेगळा. तो मोराव्हियन तारा. मोराव्हियन हा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांचा एक पंथ. जर्मनीतल्या नीस्की गावच्या मोराव्हियन शाळेत १८३० च्या दशकात भूमितीच्या धड्यासाठी मुलांकडून तो करून घेत असत. सतरा चौकोनी बुडाची टोकं, आठ त्रिकोणी बुडाची, आणि एक बाजू दिव्यासाठी उघडी. पोरीने ड्रॉइंगच्या जाड कागदाचा केला. दिसायला याच्या तोडीचं काही नाही, पण ठेवायला जागा नाही. खोक्यात घातला की टोकं चेपणार, ट्रंकेत मावणार नाही. शेवटी तिच्या खोलीत वर्षभर टांगूनच राहिला आणि आता त्यावर धुळीचा थर आहे, तो फुंकरीने जात नाही. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी जरूर करावा. बाकीच्यांनी चांदणीवर भागवावं.

गव्हाणीचा देखावा हा माझा सगळ्यात आवडता भाग, त्यामुळे इथे जरा जास्त लिहिणार. इटलीतल्या ग्रेचो गावात संत फ्रान्सिसने १२२३ च्या नाताळात खरा बैल आणि खरं गाढव आणून गोठा उभा केला होता, तिथून ही प्रथा पसरली. बाजारातल्या देखाव्यात मात्र गोरेगोमटे, निळ्या डोळ्यांचे मेंढपाळ आणि आमच्याकडे कधी न दिसलेली गुरं असतात. आम्ही पोळ्याला आणलेली मातीची बैलजोडी पूजेनंतर जपून ठेवलेल्या शेजाऱ्यांकडून मागून घेतली. "देवाच्याच कामाला जातायत की," म्हणत काकूंनी दिली. गोठ्याचं छप्पर कडब्याचं, भिंती शेणमातीने सारवलेल्या, एका कोपऱ्यात घोंगडीचा तुकडा आणि बाळाला निजवायला खरीच दगडी कुंडी, जुन्या घरातली, पक्ष्यांना पाणी ठेवायची. मरिया आणि योसेफ कापडाचे. मरियेच्या अंगावर इरकलीचा तुकडा. गाढव मात्र कुठे मिळेना, ते लेकीने मातीचं केलं आणि ते निम्मं कुत्र्यासारखं दिसतं, पण घरात सगळ्यांना तेच आवडतं.

वर्षभरानंतर : कापडी बाहुल्या ठणठणीत. कच्च्या मातीच्या बैलांपैकी एकाचं शिंग गेलं. गाढव शाबूत. कडब्याचं छप्पर उंदरांनी कुरतडलं, पण कडबा दरवर्षी नवा घ्यायचाच. सारवलेल्या भिंतींना भेगा आहेत आणि त्याने गोठा जास्तच खरा वाटतो. हा देखावा बघायला गल्लीतले सगळे आले होते.

मीठ आणि मैद्याच्या कणकेचे तारे-देवदूत, ज्यांचा इंटरनेटवर इतका उदोउदो आहे, ते आमच्याकडे पार वाया गेले. प्रमाण सगळीकडे सारखंच सांगतात, दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, लागेल तसं पाणी, आणि ते बरोबरच आहे. डिसेंबरात गच्चीवर खडखडीत वाळतात, रंगही छान बसतो. पण मीठ हवेतलं पाणी ओढतं. जुलैत ट्रंकेतून काढले तर देवदूतांना घाम फुटलेला आणि पंख मऊ. वार्निश मारलेले थोडे बरे राहिले, तेही मागून चिकट. एका नाताळापुरते करा, मुलांचा वेळ छान जातो, आणि मग सोडून द्या. ग्लू गनने चिकटवलेल्या वस्तूंचंही तसंच. पत्र्याखालच्या उन्हाने गोंद ढिला पडला आणि बरणीच्या काचेवर लावलेले मणी गळून तळाशी जमा. दोरा आणि तार यांना पर्याय नाही.

मोसंबीच्या वाळवलेल्या चकत्यांना मी मध्यम म्हणेन. जालन्याची मोसंबी, जीआय मानांकन असलेली, घरात असतेच. पातळ चकत्या मलमलीखाली गच्चीवर वाळवल्या. उजेडासमोर धरलं की रंगीत काचेसारख्या दिसतात. पावसाळ्यात निम्म्यांना बुरशी आली. ज्या वाजेपर्यंत वाळल्या होत्या त्या टिकल्या, फक्त तपकिरी पडल्या. मोसंबीचा खरा उपयोग ख्रिस्टिंगलसाठी, म्हणजे फळात मेणबत्ती खोचून करायच्या नाताळच्या दिव्यासाठी. १७४७ साली जर्मनीत मारिएनबॉर्नच्या मोराव्हियन मंडळीत मुलांना लाल फीत बांधलेल्या मेणबत्त्या दिल्या गेल्या, संत्र्याची जोड त्याला बरीच नंतर मिळाली. संत्र्यापेक्षा मोसंबी घट्ट असते, मेणबत्ती हलत नाही. चार काड्यांना मनुका आणि खारकेचे तुकडे टोचायचे. मेणबत्तीखाली फॉइल लावलं तर मोसंबी दुसऱ्या दिवशी खाता येते.

आता भेटी. मेणबत्त्या दिल्या होत्या, त्यांचा अनुभव लोकांनीच सांगितला. साध्या पॅराफिनच्या उंच मेणबत्त्या मेमध्ये कपाटातल्या कपाटात वाकल्या. मेण वितळायच्या कितीतरी आधी नरम पडतं. काचेच्या ग्लासात ओतलेल्या होत्या त्यांना काही झालं नाही. मधमाशीचं मेण ६२ अंशांच्या पुढे वितळतं, त्यामुळे ते टिकतं, पण महाग पडतं. आपल्या भागात मेणबत्ती द्यायची तर भांड्यातच द्या.

शुभेच्छापत्रं दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्याच्या हातकागदावर केली. जाड, खरबरीत, कडा फाटल्यासारख्या. शाई थोडी फुटते, म्हणून बोरू किंवा ब्रश वापरा. कित्येकांनी ती फेकली नाहीत, एकीने तर फ्रेम केलीय.

वाकळीच्या उरलेल्या ठिगळांच्या पिशव्या सगळ्यांना आवडल्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही. वापरात आहेत, धुतल्या जातात.

पण सगळ्यात जास्त वाहवा मिळाली ती येसराला. हो, येसर, आमटीसाठीचं भाजक्या धान्याचं मसालेदार पीठ. बाजारातला प्लम केक सगळेच देतात, आणि तो एकतीस तारखेपर्यंत कोरडा पडतो. मी गहू, बाजरी, हरभरा डाळ, थोडे उडीद आणि धणे-जिरे-मिरी-लवंग वेगवेगळं भाजून दळलं, कॉफीच्या रिकाम्या बरण्यांत भरलं, झाकणावर लाल कापड आणि गळ्यात चिठ्ठी : दोन चमचे येसर पाण्यात कालवून, लसणाच्या फोडणीत सोडा, चांगली उकळी येऊ द्या. खोबरं मुद्दाम टाकलं नाही, त्याने खवट होतं. जवसाची चटणीही दिली होती काही जणांना, ती महिन्या-दीड महिन्यात वास मारायला लागली, जवसाचं तेल तसंच असतं. येसराची शेवटची बरणी पुण्यातल्या नणंदेने गणपतीत संपवली आणि चव तशीच होती म्हणाली. शेजारच्या खालांनी तर रमजानातच रिकामी बरणी परत आणून दिली आणि वर विचारलं, "बेटा, ये दाल का मसाला फिर कब बनेगा?"

या वर्षी येसराचं दळण दुप्पट टाकतेय. फक्त बरण्या कमी पडतायत. कॉफीच्या बरण्या कुणाकडे साठल्या असतील तर झाकणं तपासून घ्या, आतला कागदी गोल निघालेला असेल तर हवा शिरते आणि पावसाळ्यात सोंडे होतात.