तंजावर बंधूंच्या रचनांचा सराव-संच: वर्षभराच्या वापरानंतर

भरतनाट्यम शिकवणाऱ्या व्यक्तीला वर्गासाठी ध्वनिमुद्रण विकत घेताना गायकाचा गळा पाहण्याआधी एक वेगळीच गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे आपल्यासमोर कोणीतरी नाचणार आहे याचे भान गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना आहे की नाही. हे भान नसलेली, ऐकायला अतिशय गोड पण नाचायला निरुपयोगी अशी मुद्रणे माझ्या कपाटात बरीच आहेत. म्हणून तंजावरच्या चौघा भावांच्या रचनांचा हा संच गेल्या जूनमध्ये मागवला, तेव्हा फारशा अपेक्षा ठेवल्या नव्हत्या. पेनड्राइव्हवर अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा पूर्ण मार्गम (भरतनाट्यम कार्यक्रमातील रचनांचा ठरलेला क्रम), प्रत्येक रचना दोन लयींत आणि सोबत एक पुस्तिका असे त्याचे स्वरूप असून त्यासाठी मी 2,500 रुपये मोजले.

चिन्नय्या (जन्म 1802), पोन्नय्या (1804), शिवानंदम (1808) आणि वडिवेलू (1810) हे चौघे नट्टुवनारांच्या, म्हणजे झांजेवर ताल धरून नृत्य शिकवणाऱ्या गुरूंच्या, घराण्यात जन्मले, मुत्तुस्वामी दीक्षितरांकडे संगीत शिकले आणि तंजावरच्या मराठी दरबारात, दुसऱ्या सरफोजीराजांच्या आश्रयाने पुढे आले. अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना हा जो क्रम आज अरंगेत्रमला, म्हणजे शिष्येच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमाला, आपण गृहीतच धरतो, तो पक्का बसवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. मला स्वतःला मात्र त्यांचे मोठेपण त्या क्रमापेक्षा चालींच्या बांधणीत अधिक जाणवते, कारण हे संगीतकार स्वतः मुलींना अडवू, म्हणजे नृत्याच्या मूळ हालचाली, शिकवणारे होते आणि नाचणारीला श्वास कुठे लागतो हे त्यांना ठाऊक होते. वसंत रागातील जतिस्वरमात एकही अर्थपूर्ण शब्द नाही, तरीही कोणत्या स्वरगटावर कोणता अडवू बसेल हे चालच सुचवत जाते.

संचाची खरी कसोटी वर्णमला, म्हणजे मार्गममधल्या सर्वांत मोठ्या रचनेला, लागते आणि तिथे तो बऱ्याच अंशी उतरतो. आनंदभैरवी रागातील आणि आदितालातील 'सखिये इंद वेळैयिल' या वर्णमात नायिका सखीला, या वेळी सबबी सांगत बसू नकोस, असे विनवते. संचारीसाठी, म्हणजे अभिनयातून अर्थाचा विस्तार करण्यासाठी, पल्लवीची हीच ओळ पुन्हा पुन्हा गावी लागते आणि इथे बहुतेक गायकांना मोह आवरत नाही. प्रत्येक आवर्तनाला नवी हरकत घेण्याच्या नादात ते अरुदीच्या (आवर्तनात अक्षर टेकण्याच्या ठरलेल्या जागेच्या) आसपास रेंगाळतात आणि नाचणारीचा पाय अधांतरी राहतो. या मुद्रणातील गायिका ओळीच्या पूर्वार्धात हवे ते करते, पण अरुदीवर शब्द सरळ आणून ठेवते, त्यामुळे मृदंगमची थाप, पाय आणि अक्षर एकाच जागी पडतात. वर्षभरात आठ विद्यार्थिनींनी हे वर्णम याच मुद्रणावर बसवले आणि अरुदी शोधताना त्यांपैकी एकीचीही फसगत झाली नाही.

नट्टुवांगमच्या, म्हणजे झांजेवर ताल धरून नृत्याचे बोल म्हणण्याच्या, बाबतीत मात्र ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी मोठी चूक केली आहे. झांजेचा आवाज इतका मागे ठेवला आहे की तो मृदंगमखाली बुडून जातो. वर्णमच्या आरंभीच्या त्रिकाल जतीत (तीन लयींत म्हटल्या जाणाऱ्या बोलांत) दुसऱ्या लयीतून तिसऱ्या लयीत शिरताना माझी एक विद्यार्थिनी सतत अर्धी मात्रा आधी पाय टाकत होती. दोष तिचा असेल असे समजून आठवडाभर मी तिलाच बोलले. शेवटी डोळे मिटून तोच भाग पुन्हा ऐकला, तेव्हा लक्षात आले की लय बदलते त्या क्षणी झांज ऐकूच येत नाही. तेव्हापासून मुद्रण चालू असतानाही मी शेजारी तट्टुकळी (ताल देण्याचा लाकडी ठोकळा आणि काठी) घेऊन बसते, म्हणजे ज्या कामासाठी पैसे मोजले त्यातले निम्मे काम माझ्याकडेच राहिले.

दुसरी तक्रार संथ आवृत्तीबद्दल आहे. ती वेगळी गाऊन घेतलेली नसून मूळ मुद्रणच यंत्रावर ताणलेले आहे, हे पहिल्या दोन आवर्तनांत कळते. आनंदभैरवीची सारी शोभा स्वरांच्या आंदोलनात असल्यामुळे ती ताणली की स्वर लोंबू लागतात आणि मृदंगमची थाप ओल्या पिठावर पडल्यासारखी ऐकू येते. नव्या विद्यार्थिनींना ही आवृत्ती लावू नये. त्यांच्या कानात चुकीचा राग बसेल.

व्हायोलिन या संचात फार सुंदर वाजले आहे आणि त्यात एक औचित्यही आहे. कर्नाटक संगीतात हे वाद्य रुळवणाऱ्या पहिल्या काही वादकांमध्ये वडिवेलूंची गणना होते आणि त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्यांना 1834 मध्ये हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले होते. पुस्तिकेत हा प्रसंग आहे. चिन्नय्या म्हैसूरच्या दरबारात गेले, हेही आहे. सरफोजींबद्दल मात्र 'आश्रयदाता राजा' एवढे दोनच शब्द आहेत. या राजाच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणे आहेत, मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी ती हस्तलिखितांतून काढून रंगमंचावर आणली आणि त्यांच्या शिष्या सुचेता चापेकर यांनी ती परंपरा पुण्यात जोपासली. एकाच दरबारात तेलुगू, तमिळ आणि मराठी अशा तिन्ही भाषांत नृत्यरचना होत होत्या, हे संगीताच्या पुस्तिकेने सांगायचे नाही तर कोणी सांगायचे? शिवाय रचनांचे शब्द फक्त तमिळ आणि रोमन लिपीत छापल्यामुळे आमच्याकडच्या मुली 'वेळैयिल'मधला ळ हमखास ल करतात, आणि मला प्रत्येकीच्या वहीत ओळी देवनागरीत लिहून द्याव्या लागतात.

ज्यांच्याकडे नट्टुवांगम करू शकणारी ज्येष्ठ विद्यार्थिनी आहे, त्यांनी हा संच वर्णम आणि जतिस्वरमसाठी अवश्य घ्यावा. घरी एकटीने सराव करणाऱ्या मुलीला तो अपुरा पडेल. अलारिप्पू मात्र मी अजूनही तट्टुकळीवरच घेते.